वाफेवर लक्ष कोणाचं? मोदकपात्रापासून विजेच्या स्टीमरपर्यंत

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्यासपीठावर विजेचा स्टीमर कशाला? एकावर एक ठेवलेले दोन-तीन पारदर्शक डबे, खाली पाण्याची छोटी टाकी, बाजूला टायमरचं बटण. लग्नात आहेर म्हणून येतो आणि पुष्कळ घरांत खोक्यासकट माळ्यावर जातो. त्यात इतिहास कसला?

आमचं म्हणणं असं की, या भांड्यात एक फार जुना प्रश्न सुटलेला आहे. वाफेवर शिजवताना वाफ दिसते, पण वाफ देणारं पाणी दिसत नाही. ते झाकणाखाली, जाळीखाली, पदार्थाखाली असतं. ते किती उरलं, संपत तर आलं नाही ना, हे कुणीतरी सतत ध्यानात ठेवावं लागतं. म्हणजे राखण करावी लागते. वाफेवरच्या स्वयंपाकाचा इतिहास पुष्कळ अंशी या राखणीचा इतिहास आहे. ती कुणी केली, कशाच्या आधारानं केली, आणि यंत्रानं ती हातात घेतल्यावर राखणाऱ्या माणसाचं काय झालं, एवढंच आज पाहायचं आहे.

वाफेची ताकद

सुरुवात थोड्या विज्ञानानं करू. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायची तर आणखी सुमारे ५४० कॅलरी द्याव्या लागतात, आणि एवढी उष्णता देऊनही तापमान वाढत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण याला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. ही दडलेली उष्णता वाफ बरोबर घेऊन जाते. गार पारीच्या मोदकाला वाफ टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि दडलेली उष्णता मोदकाला मिळते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट बसतो, तोही याच कारणानं.

यातून दोन गोष्टी निघतात. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास आपोआप टिकतं. कितीही जाळ केला तरी पदार्थ करपत नाही. आणि पाणी संपलं की तापमान झपाट्यानं चढतं, बूड जळतं, वरच्या पदार्थाला करपट वास लागतो. ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या. पुढे टोकियोत तिचं काम पडणार आहे.

भांडं होतं की नव्हतं?

वाफेच्या भांड्यांचा सर्वांत जुना आणि भरघोस पुरावा चीनमधला आहे. बुडाला भोकं असलेली मातीची भांडी तिथे नवाश्मयुगापासून सापडतात. खाली पाण्याचं भांडं आणि वर हे भोकाचं. पुढे शांग राजवटीत हीच जोडी कांस्यात ओतली गेली. १९७६ साली आन्यांगजवळ फू हाओ या राणीची कबर सापडली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १२०० या काळातली. तिच्यात एक लांबट पाण्याचं पात्र निघालं आणि त्याच्यावर शेजारी शेजारी बसणारी तीन वाफपात्रं. एकाच जाळावर तीन पदार्थ! आजच्या तीन डब्यांच्या स्टीमरची कल्पना तीन हजार वर्षांपूर्वी झालेली होती. फरक एवढाच की तिथे डबे आडवे मांडले होते, आपण उभे रचतो.

आता भारताकडे येऊ. इथे गंमत आहे. अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांनी ह्युएन त्संगचा हवाला देऊन मांडलं की सातव्या शतकात भारतात वाफेवर शिजवण्याचं भांडंच नव्हतं. इडलीचंही तेच. ९२० सालच्या सुमाराच्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे ११३०च्या आसपास, ‘इड्डरिका’ येते. पण तिच्यात उडीद, मिरी, जिरं, हिंग आहे. तांदूळ नाही आणि वाफही नाही. यावरून अचयांनी अंदाज केला की इडली वाफवण्याची रीत आग्नेय आशियातून आली असावी. हा अंदाज सगळ्यांना मान्य नाही.

आम्हाला यातला वाद सोडवायचा नाही. पुराव्याच्या स्वरूपाकडे मात्र पाहा. पातेल्यात पाणी घातलं, तोंडाला ओलं फडकं ताणून बांधलं, त्यावर पदार्थ ठेवून वर झाकण घातलं, की झालं वाफेचं भांडं. किंवा पातेल्याच्या तळाशी गवताच्या काड्या आडव्या-उभ्या रचायच्या, त्यावर केळीचं पान. काम संपलं की फडकं धुऊन वाळत, काड्या चुलीत, पान गोठ्यात. उत्खननात काय सापडणार? एक साधं पातेलं. कांस्याचं पात्र राणीबरोबर पुरलं गेलं म्हणून इतिहासात उरलं. फडकं बांधणाऱ्या बाईचं कौशल्य तसं उरत नाही. ते सणांत उरतं.

सणांनी सांभाळलेली वाफ

आपल्याकडे सण पाहा. नागपंचमीला पुष्कळ घरांत चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मग काय करायचं? पुरणाचे दिंड, उकडलेले. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. गणपतीला उकडीचे मोदक. फणसाच्या दिवसांत सांदणं. खानदेशात डाळीचे फुणके, कढीबरोबर. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेनं फुगवलेले सान्ने. मुंबईच्या पारशी घरांत केळीच्या पानात चटणी लावून गुंडाळलेली पात्रा नी मच्छी. अळूवडी आणि कोथिंबीरवडीही आधी वाफवतात, मग तळतात.

या सगळ्यांत पान येतं. पान चिकटू देत नाही, वाफेचं पाणी थेट पदार्थावर पडू देत नाही आणि वासही देतं. मोदकपात्र ही त्यापुढची पायरी: कल्हई केलेलं तांब्या-पितळेचं, मग ॲल्युमिनियमचं, मग स्टीलचं. फडक्याची जागा भोकाच्या ताटलीनं घेतली. राखण मात्र होती तशीच राहिली, आणि त्या राखणीतून एक युक्ती निघाली.

पात्राच्या पाण्यात एक नाणं टाकून ठेवायचं. पाणी उकळतंय तोवर नाणं तळाशी खडखडत राहतं. आवाज मंदावला, थांबला, की समजायचं पाणी आटलं. झाकण उघडून वाफ घालवायची गरज नाही. बाई ओट्यापासून चार हात दूर नारळ खवत बसली तरी कान त्या नाण्यावर. ही युक्ती कुणी शोधली ते कुठेच लिहिलेलं नाही. पण वाफेच्या भांड्याला मिळालेला हा पहिला आवाज म्हणायला हरकत नाही. लक्ष डोळ्यांकडून कानांकडे गेलं आणि हात मोकळे झाले.

कोळसा हेच घड्याळ

युरोपात वाफेचा विचार वेगळ्या वाटेनं गेला. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या वर उकळतं, अन्न लवकर शिजतं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं वजन लावलेली सुरक्षा झडप केली. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्या भांड्यातलं जेवण मिळालं. त्या पंगतीला असलेल्या जॉन एव्हलिननं रोजनिशीत लिहून ठेवलं की हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती. पण तेव्हा ते भांडं घरोघरी गेलं नाही. पुढे वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात पापँचं नाव आलं.

कोंडलेली वाफ बाजूला ठेवून, साध्या वाफेवर विचार करणारा माणूस आपल्या देशात निघाला. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१०मध्ये इकमिक कुकर केला. हायजिनिक आणि इकॉनॉमिक या दोन शब्दांच्या शेपट्या जोडून हे नाव झालं. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मडक्यांवर मडकी रचून वाफेवर महाप्रसाद शिजतो, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. एक उंच नळकांडं, त्यात पाणी, आत एकावर एक डबे, तळाशी कोळशाची छोटी शेगडी. डाळ, भात, भाजी एकदम लावायची आणि आपल्या कामाला जायचं. कोळसे मोजके घातलेले असतात. ते जळून संपतात, तोवर जेवण झालेलं असतं. म्हणजे कोळसा हेच घड्याळ. नाण्याची राखणही लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही ‘इकमिक’ हे नाव ओळखीचं होतं.

हा कुकर सर्वांत सोयीचा कुणाला होता? प्रवाशाला, खोली घेऊन एकट्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्याला, कारकुनाला. सोवळ्याओवळ्याच्या काळात बाहेरचं न खाणाऱ्या माणसाला तर तो वरदानच. स्वयंपाकाची अक्षरओळख नसलेला पुरुष या भांड्याच्या जोरावर स्वतःचं जेवण करू लागला. पण हे घराबाहेर. तोच माणूस गावी परतला की पुन्हा पाटावर बसून वाढण्याची वाट पाहायचा. लक्ष ठेवायचं काम यंत्रानं हलकं केलं तरी ते घरात कुणाकडे असावं, याला धक्का लागला नव्हता.

शिटी आली

१९५९ हे आपल्या स्वयंपाकघरातलं मोठं साल. मुंबईत हॉकिन्स आणि बंगळुरात प्रेस्टिज, दोन्ही प्रेशर कुकरांचं उत्पादन भारतात त्याच वर्षी सुरू झालं. पापँची कोंडलेली वाफ जवळजवळ तीनशे वर्षांनी आपल्या ओट्यावर आली. दर चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब दिला की आतलं तापमान १२१ अंशांच्या आसपास जातं. तुरीची डाळ, हरभरा, राजमा यांचा तासांचा हिशेब मिनिटांवर आला.

आणि वाफेला दुसरा आवाज मिळाला. खरं तर शिटी दाब सोडण्यासाठी आहे, पण आपण तिचं घड्याळ केलं. भाताला तीन, डाळीला चार. ज्याच्या त्याच्या घरचा हिशेब वेगळा. ‘दोन शिट्या झाल्या की बंद कर गं’ हे वाक्य शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला उद्देशून असायचं. मुलाला क्वचितच.

पण एक अडचण झाली. मोदक, ढोकळा, इडली, अळूवडी दाबाखाली नीट होत नाहीत. म्हणून आपण कुकरची शिटी काढून ठेवतो आणि त्याचंच मोदकपात्र करतो. शिटी काढली की आवाज गेला! नाणंही विस्मरणात गेलेलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहायचं. वाफेच्या नाजूक पदार्थांना या नव्या यंत्रानं काहीच दिलं नाही, उलट जुना आवाज काढून घेतला.

टोकियोतली युक्ती

याच सुमारास जपानमध्ये दुसऱ्या टोकानं प्रयत्न चालू होते. तोशिबा कंपनीतले शोगो यामादा गृहिणींना विचारत होते की सर्वांत कष्टाचं काम कोणतं. उत्तर आलं, भात करणं. दिवसातून दोन-तीनदा चुलीजवळ थांबून जाळ कमी-जास्त करत राहायचं. विजेचं भांडं तयार करण्याचं काम योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराकडे गेलं, आणि घरी भात लावून लावून तपासण्याचं मोठं काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केलं. भात कधी झाला हे यंत्राला कसं कळावं, हा प्रश्न होता.

उत्तर वाफेत सापडलं. त्यांनी एकात एक अशी दोन भांडी घेतली. आतल्यात तांदूळ आणि पाणी, बाहेरच्यात पेलाभर पाणी. बाहेरचं पाणी साधारण २० मिनिटांत वाफ होऊन संपतं. ते आहे तोवर तापमान १०० अंशांवर टिकतं. संपलं की एकदम चढतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट ती हीच. तिथे दोन धातूंची जोडपट्टी बसवली. तापमान चढलं की पट्टी वाकते आणि वीज तुटते. डिसेंबर १९५५मध्ये हा कुकर बाजारात आला.

बूड जळणं ही वाफेवर शिजवण्यातली सर्वांत मोठी भीती होती. इथे त्याच क्षणाची खूण करून घेतली. नाणं जे काम आवाजानं करत होतं, ते पट्टी वाकून करू लागली. फरक असा की नाणं थांबलं तर कुणीतरी उठून जावं लागे. पट्टी स्वतःच विस्तव काढून घेते.

आजचा स्टीमर

विजेचा स्टीमर हा या सगळ्यांचा वारस. फू हाओच्या पात्रासारखे अनेक डबे, इकमिकसारखी एकावर एक रचना, टोकियोच्या भांड्यासारखी आपोआप बंद होण्याची सोय, आणि वेळ झाली की ‘टिंग’ करणारा टायमर. हा वाफेचा तिसरा आवाज. शिटी काढल्यावर ढोकळ्याची जी सोय गेली होती ती इथे परत मिळाली.

हिशेब पाहा. ९०० वॅटचा स्टीमर मिनिटाला साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ करतो. म्हणजे लिटरभर पाणी चाळीसेक मिनिटं पुरतं. २० मिनिटं चालवला तर ०.३ युनिट वीज जाते. बऱ्याच यंत्रांत तापणाऱ्या कांडीभोवती एक कडं असतं. त्यातलं थोडंसंच पाणी आधी तापतं, त्यामुळे वाफ लवकर धरते. कडं बाजूला ठेवून दिलं तर स्टीमर ‘मंद’ वाटतो, आणि पुष्कळांचा स्टीमर माळ्यावर जाण्याचं एक कारण ते आहे.

दुसरं कारण, डब्याची सगळी भोकं झाकणं. केळीचं पान पूर्ण अंथरलं की वाफ वर जायची वाट बंद. पानाचे तुकडे ठेवावेत, कडेनं जागा सोडावी. मासा खालच्या डब्यात ठेवावा, नाहीतर त्याचं पाणी भाजीवर टपकतं. खालच्या डब्याला वाफ आधी मिळते, म्हणून वरच्याला थोडी जास्त मिनिटं द्यावीत. मोदक दहा-बारा मिनिटांत होतात. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी वापरलं तर कांडीवर पांढरा थर बसतो. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं तो निघतो. झाकण उघडताना पलीकडची बाजू आधी उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही.

आणि मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. तुरीची डाळ १०० अंशांना हट्टी राहते. वरण हा आपल्या रोजच्या जेवणाचा पाया, त्यामुळे कुकर ओट्यावर राहिला आणि स्टीमर पाहुणा झाला. भाकरीला कोरडा जाळच हवा. वीज गेली की स्टीमर हा नुसता डब्यांचा ढीग, आणि भारनियमनाची वर्षं महाराष्ट्रानं पाहिलेली आहेत. हे भांडं मागे पडलं याला आपली ‘सनातनी’ वृत्ती कारण नाही. आपल्या ताटाचा आणि तारेतल्या विजेचा इतिहास कारण आहे.

वाचलेला वेळ गेला कुठे?

आता शेवटचा मुद्दा. यंत्रानं राखण घेतली तर राखणारीचा वेळ वाचायला हवा. वाचला का? अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हाच प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर असं की घरगुती यंत्रांनी पुष्कळदा पुरुषांची, मुलांची, नोकरांची कामं कमी केली. त्याच वेळी स्वच्छतेच्या, जेवणाच्या अपेक्षा वाढत गेल्या आणि आईचा वेळ होता तिथेच राहिला.

आपल्याकडचे आकडे पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. कुकरला साठ वर्षं झाल्यानंतरचा हा हिशेब आहे. कुकरनं वरणाचा वेळ कमी केला आणि त्या वेळात डब्याची दुसरी भाजी आली. शिवाय अशा पाहणीत काम मोजता येतं, लक्ष मोजणं अवघड असतं. नारळ खवताना नाण्याकडे लागलेला कान कोणत्या रकान्यात लिहायचा?

तरीही आम्ही निराश नाही, आणि त्याचं कारण भांड्याच्या स्वभावात आहे. मोदकाची पारी एकसारखी करायला, कळ्या पाडायला वर्षानुवर्षं हात बसवावा लागतो. पण पाणी भरणं, डबा लावणं, १२वर टायमर फिरवणं हे घरातल्या कुणालाही पाच मिनिटांत येतं: दहावीतल्या मुलाला, निवृत्त आजोबांना, कामावरून उशिरा येणाऱ्या नवऱ्याला. इकमिकनं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की राखण यंत्राकडे गेली की पुरुष शिजवू शकतो. ते घराबाहेर घडलं होतं. आता ते घरात घडवायचं की नाही, हे भांड्याला ठरवता येणार नाही.

येत्या गणपतीत एक करून पाहा. माळ्यावरचा स्टीमर खाली काढा. मोदक ज्यांना वळता येतात त्यांना वळू द्या, आणि वाफवण्याची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्या कुणावर सोपवा: पाणी भरण्यापासून डबे धुण्यापर्यंत. ‘टिंग’ वाजल्यावर कोण उठतं तेवढं पाहा.

आम्ही इथे थांबतो. प्रश्नांना पंधरा मिनिटं ठेवली आहेत.